मधल्या हाताचा भरवसा

परदेशातल्या अनोळखी माणसासाठी घरबसल्या काम करणाऱ्या कुणालाही विचारा, पहिला पेच एकच असतो: काम आधी द्यायचं की पैसे आधी घ्यायचे? काम आधी दिलं तर समोरचा गायब होऊ शकतो. पैसे आधी मागितले तर तोच प्रश्न तो आपल्याला विचारतो. मी सांगलीत राहून मोबाइल अ‍ॅपच्या स्क्रीन डिझाइन करते. माझे बहुतेक ग्राहक मी प्रत्यक्ष कधीच पाहिलेले नाहीत आणि त्यांच्यातले काही जण मोबदला डिजिटल चलनात देतात. या पेचातून वाट काढताना जे उमगलं, ते या कामात नव्याने उतरणाऱ्या मुलामुलींसाठी लिहून ठेवावंसं वाटतं.

डिजिटल चलनाची मला हौस नव्हती. ते माझ्याकडे ग्राहकामुळे आलं. नायजेरियातल्या लागोसमध्ये किराणा दुकानदारांसाठी उधारीच्या वहीचं अ‍ॅप बनवणारी एक छोटी कंपनी होती. काम मनाजोगं होतं, माणसं नेटकी होती, पण डॉलर बाहेर पाठवायचे म्हटलं की त्यांच्या बँकेत अडचणींची रांग लागायची. तिथल्या मध्यवर्ती बँकेने फेब्रुवारी 2021 मध्ये आभासी चलनाचे व्यवहार करणाऱ्यांची खाती बंद करा असा आदेश बँकांना दिला होता, तो डिसेंबर 2023 मध्ये उठला. मधल्या काळातही लोक एकमेकांत हे चलन वापरत राहिले, कारण डॉलर हाती लागत नव्हते आणि त्यांचा नायरा घसरत होता. अर्जेंटिनाची कथा थोडी वेगळी, पण त्याच जातीची. तिथे 2019 पासून डॉलर खरेदीवर कडक निर्बंध होते. सामान्य नागरिकांसाठी ते एप्रिल 2025 मध्ये सैल झाले. अशा देशातल्या लहान उद्योजकाला दोन-तीनशे डॉलर भारतात पाठवायचे तर बँकेचा रस्ता लांबचा आणि महागडा, मधली बँकही आपला वाटा कापून घेणार. यूएसडीटी मात्र काही मिनिटांत येतं.

यूएसडीटी म्हणजे टेदर, 2014 पासून चालत आलेलं, एका डॉलरशी किंमत बांधलेलं नाणं. आमच्या कामात आता बहुतेक बोलणी त्यातच होतात. आधी लोक बिटकॉइनमध्येच भाव ठरवायचे, आणि त्यात दोघांपैकी एकाला रडावं लागायचं. बिटकॉइन नोव्हेंबर 2021 मध्ये 69 हजार डॉलरच्या आसपास पोचलं होतं, वर्षभराने ते 16 हजारांच्या घरात आलं. महिनाभर चालणाऱ्या कामाचा दर अशा चलनात बांधला तर काम करणारा आणि करवून घेणारा, दोघांचंही लक्ष कामावरून उडतं. म्हणून मी दर डॉलरमध्ये ठरवते आणि नाणं फक्त पोचवण्यापुरतं घेते. स्थिर म्हणवणारी नाणीही डळमळतात. मे 2022 मध्ये टेरायूएसडी कोसळलं ते पुन्हा उभं राहिलं नाही. मार्च 2023 मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली, तेव्हा यूएसडीसी या नाण्याच्या राखीव रकमेपैकी 330 कोटी डॉलर तिथे अडकले होते. दोन-तीन दिवस त्या नाण्याचा भाव एका डॉलरच्या खाली गेला, मग सावरला. ज्यांनी घाबरून त्याच दिवसांत विकलं त्यांचा तोटा मात्र कायमचा झाला. मी नाणं साठवत नाही. आलं की रुपये करते.

पण हे झालं चलनाचं. माणसांचं काय?

कार्डाने किंवा पेपालने पैसे आले, की आमच्या मनात एक धाकधूक असते. ग्राहक तक्रार करून पैसे परत ओढून घेऊ शकतो. पेपालवर अशी तक्रार करायला 180 दिवसांची मुदत आहे. काम पोचलं, अ‍ॅप बाजारात आलं, आणि चार महिन्यांनी मोबदला परत गेला, असं आमच्या ओळखीतल्या कितीतरी जणांचं झालं आहे. डिजिटल चलनाचे व्यवहार ज्या ब्लॉकचेनवर नोंदले जातात, तिथे हे होत नाही. व्यवहार नोंदला गेला की तो कुणालाच मागे घेता येत नाही. म्हणून डिझाइनर, संकलक, प्रोग्रामर या चलनावर खूश असतात. ग्राहकाच्या जागी बसून बघितलं की चित्र पालटतं. त्याने पैसे पाठवले आणि मी फाइल दिलीच नाही, तर त्याला दाद मागायला बँक नाही, कार्ड कंपनी नाही, कुणीच नाही. भीती माझ्या शेजारून उठून त्याच्या शेजारी जाऊन बसली, एवढंच. हे मला लागोसची ती कंपनी चालवणाऱ्या बाईंशी बोलताना कळलं. त्या पहिल्याच बोलण्यात म्हणाल्या, तुमचं काम आवडलं, पण एकदा पाठवलेलं परत येणार नाही, म्हणून मी पैसे मध्ये ठेवीन. त्यांचं म्हणणं मला रास्त वाटलं.

मध्ये ठेवीन, म्हणजे कुणाकडे?

आमचे अण्णा सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी होते. लांबलांबून, कर्नाटकातूनही, हळदीच्या गाड्या यायच्या. सौदा व्हायचा, माल तोलला जायचा, आणि तो घेणारा व्यापारी कोण, त्याचं घर कुठे, हे गाडीवाल्या शेतकऱ्याला माहीत नसायचं. माहीत असायचा तो अडत्या. पट्टी त्याच्या दुकानाची, पैसे त्याच्या गल्ल्यातून. व्यापाऱ्याने पुढे थकवलं तर ती डोकेदुखी अडत्याची. शेतकऱ्याच्या पट्टीवर जो आकडा तो आकडा. बाजार समितीचा परवाना भिंतीवर, पेढीचं नाव बाहेर पाटीवर, आणि अडत्या दुसऱ्या दिवशीही त्याच गाळ्यात. लबाड अडते नव्हते असं नाही, त्यांच्याविरुद्ध मोर्चेही निघाले. पण जाब विचारायला माणूस समोर होता आणि त्याच्यावर समिती होती. ऑनलाइन बाजारात एस्क्रो म्हणतात ते हेच काम आहे: ग्राहक पैसे आधी मध्ये ठेवतो, मी काम करते, त्याला पसंत पडलं की मधला हात पैसे मोकळे करतो. सगळा भरवसा त्या मधल्या हातावर असतो.

डिजिटल चलनाच्या बाजारांत हा हात तीन तऱ्हांचा पाहिला. पहिली तऱ्हा म्हणजे बाजार चालवणारी कंपनी पैसे स्वतःच्या वॉलेटमध्ये ठेवते. सोपं, नव्या माणसाला समजणारं. धोका हा, की कंपनी बुडाली किंवा तिच्या वॉलेटवर दरोडा पडला तर दोघांचेही पैसे गेले. दुसरी तऱ्हा तीन चाव्यांची. एक चावी ग्राहकाकडे, एक माझ्याकडे, एक मध्यस्थाकडे. कुठल्याही दोन चाव्या जुळल्या तरच पैसे हलतात. आमचं दोघांचं पटलं तर मध्यस्थाची गरजच नाही, आणि मध्यस्थाला एकट्याने पैसे पळवता येत नाहीत. 2016 मध्ये सुरू झालेल्या ओपनबझार या बाजाराने ही पद्धत वापरली होती. बाजार 2021 मध्ये बंद पडला, पण माझ्या मते या तिन्हींत सर्वांत समंजस रचना हीच. तिसरी तऱ्हा स्मार्ट कॉन्ट्रॅक्टची. 2015 मध्ये इथेरियम आलं आणि पैसे कधी, कुणाला सुटायचे याचे नियमच कोडमध्ये लिहून ठेवता येऊ लागले. इथलान्ससारखा, कमिशन न घेणारा फ्रीलान्स बाजार त्याच्यावर उभा राहिला.

या तिसऱ्या तऱ्हेबद्दल उत्साहाने बोलणारे म्हणतात, आता कुणावर विश्वास ठेवायची गरजच उरली नाही. मला हे पटत नाही. कोडला कळतं की पैसे आले, तारीख उलटली, बटण दाबलं गेलं. पैसे भरण्याच्या स्क्रीनवर बटण कुठे असावं, पंचावन्न वर्षांच्या दुकानदाराला ते चष्म्याशिवाय दिसेल का, हे मी नीट केलं की उरकलं, ते कोडला कळायचा मार्ग नाही. काम चांगलं झालं का, हा प्रश्न शेवटी माणसापुढेच येतो. क्लेरोस नावाच्या व्यवस्थेने त्यावरही तोडगा काढून पाहिला आहे. आपली नाणी तारण ठेवलेल्या लोकांतून चिठ्ठ्या टाकल्यासारखे पंच निवडायचे, त्यांनी पुरावे बघून मत द्यायचं, आणि बहुमताच्या विरोधात गेलेल्या पंचाचं तारण काही अंशी कापायचं. त्यात कुणाची ओळखपाळख चालत नाही, हे चांगलं. पण तारण वाचवायचं असेल तर पंच खरं काय यापेक्षा इतर पंच काय म्हणतील याचा अंदाज बांधत बसतील, अशी शंका मला येते. डिझाइनच्या वादात डिझाइन कळणारं माणूस हवं.

वाद माझेही झाले. त्यातले दोन मनात घर करून आहेत.

पहिला एका बऱ्यापैकी मोठ्या बाजारावरचा. आरोग्यविषयक अ‍ॅपच्या स्क्रीन होत्या. काम पूर्ण होत आल्यावर ग्राहक म्हणाला, यात डार्क मोड नाही, म्हणून काम अर्धवट आहे. कामाच्या वर्णनात डार्क मोडचा उल्लेख नव्हता. मी तसं दाखवून दिलं, संदेश जोडले, फाइलचा इतिहास जोडला. पुष्कळ दिवस काही उत्तर नाही. मग एक ओळ आली: दोन्ही बाजूंचा विचार करून रक्कम निम्मी निम्मी वाटण्यात आली आहे. कुणी विचार केला, काय वाचलं, निम्मीच का, काही नाही. खाली नाव नाही, फेरविचार मागायची सोय नाही. रक्कम बुडाल्याचं दुःख थोड्या दिवसांत ओसरलं. पण आपण मेहनतीने मांडलेलं कुणी वाचलंच नसावं, ही बोच राहिली. त्या बाजारावर मी नंतर काम घेतलं नाही.

दुसरा वाद एका लहान बाजारावरचा, तीन चाव्यांच्या पद्धतीचा. तिथला मध्यस्थ स्वतः काही वर्षं डिझाइनचं काम केलेला होता आणि तसं त्याच्या पानावर लिहिलेलं होतं. ग्राहकाची तक्रार होती की आयकॉन एकसारख्या जाडीचे नाहीत. मध्यस्थाने दोघांनाही प्रश्न विचारले. मूळ फाइल उघडून पाहिली. आणि निकाल लिहिताना प्रत्येक मुद्द्यावर लिहिलं: अमुक स्क्रीन ठरल्याप्रमाणे आहेत, त्यांचे पूर्ण पैसे द्यावेत, आयकॉनच्या दोन संचांत रेषेची जाडी खरोखर वेगळी आहे, ते ठरलेल्या मापाप्रमाणे नाहीत, तेवढी रक्कम ग्राहकाला परत जावी. मला पूर्ण रक्कम मिळाली नाही. तरीही मी समाधानाने चावी फिरवली, ग्राहकानेही फिरवली, आणि पुढे त्याच ग्राहकाने मला आणखी काम दिलं. विश्वास कसा तयार होतो असं कुणी विचारलं तर मी या निकालपत्राकडे बोट दाखवते. निकाल आपल्या बाजूने लागायलाच हवा असं माणसाचं म्हणणं नसतं. आपलं ऐकलं गेलं, कारण सांगितलं गेलं, आणि कारण सांगणारा ते काम जाणतो, एवढं कळलं की तो हरलेला दावाही पचवतो. ऑनलाइन बाजारांनी चकचकीत पान आणि ताऱ्यांच्या माळा करण्याआधी अशा निवाड्यावर पैसा खर्च करावा, असं मला कळकळीने वाटतं.

ताऱ्यांचं म्हणाल तर त्यांवर मी फार विसंबत नाही. पाचपैकी पाच गुण असलेली खाती विकली जातात, भाड्याने दिली जातात. तुमचं जुनं खातं आम्हाला चालवायला द्या, महिन्याला ठरावीक रक्कम देऊ, असे संदेश मलाही येतात आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांनाही येतात. हे किती गंभीर आहे ते त्यांना सांगावं लागतं. मे 2022 मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने, अर्थखात्याने आणि एफबीआयने मिळून इशारा दिला होता की उत्तर कोरियाचे तंत्रज्ञ दुसऱ्यांच्या नावाने फ्रीलान्स कामं मिळवतात आणि तो पैसा, बऱ्याचदा डिजिटल चलनात, त्यांच्या राजवटीकडे जातो. आपलं खातं भाड्याने देणारा मुलगा अशा साखळीतली एक कडी होऊ शकतो. आणि याच कारणाने परदेशी ग्राहक व्हिडिओवर बोलायचा आग्रह धरतात, तेव्हा त्याचा राग मानू नये. मी तर स्वतःहूनच सुचवते. दहा मिनिटं समोरासमोर बोललं की दोघांनाही अंदाज येतो.

समोरच्यालाही तपासून घ्यावं लागतं. प्रोग्रामरना मुलाखतीच्या नावाखाली चाचणीची फाइल देऊन संगणकातलं वॉलेट रिकामं करण्याचे प्रकार गेल्या काही वर्षांत उघडकीला आले आहेत. अनोळखी माणसाने दिलेली फाइल मी कामाच्या संगणकावर उघडत नाही. वॉलेटचा पत्ता पूर्ण वाचून जुळवते, पहिली आणि शेवटची चार अक्षरं बघून सोडत नाही, कारण तशाच दिसणाऱ्या पत्त्यावरून एखादा क्षुल्लक व्यवहार पाठवून माणसाला फसवण्याची युक्ती सर्रास चालते. मे 2024 मध्ये अशा एका फसवणुकीत एकाच व्यवहारात सुमारे 6 कोटी 80 लाख डॉलर चुकीच्या पत्त्यावर गेले होते. त्यातले बहुतेक नंतर परत मिळाले, पण तसं नशीब आपल्या वाट्याला येईल असं धरून चालता येत नाही. यूएसडीटी ट्रॉन, इथेरियम अशा वेगवेगळ्या जाळ्यांवरून येतं. ट्रॉनवरचा पत्ता टी या इंग्रजी अक्षराने सुरू होतो, इथेरियमचा शून्य आणि एक्सने; दोघांनी एकच जाळं धरलं आहे ना, हे आधी थोडी रक्कम पाठवून पाहायचं.

आता आपल्याकडचं. रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2018 मध्ये बँकांना या व्यवहारांपासून लांब राहायला सांगितलं, सर्वोच्च न्यायालयाने 4 मार्च 2020 रोजी ते परिपत्रक रद्द केलं. एप्रिल 2022 पासून या मालमत्तेच्या विक्रीतल्या नफ्यावर 30 टक्के कर आहे, जुलै 2022 पासून विक्रीच्या रकमेतून 1 टक्का टीडीएस कापला जातो, एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. मार्च 2023 पासून एक्स्चेंजना मनी लाँडरिंगविरोधी कायदा लागू झाला. या सगळ्यात कर आहे, नोंदी आहेत, पण परदेशी ग्राहकाने नाण्यांत ठरलेला मोबदला बुडवला तर सांगलीतल्या डिझाइनरने कुठे जायचं, याचं सोपं उत्तर नाही. जीएसटीचा मुद्दा तर नव्या मुलांच्या गावीही नसतो. आपलं काम सेवेची निर्यात ठरायचं असेल तर मोबदला परिवर्तनीय परकीय चलनात, किंवा रिझर्व्ह बँकेची परवानगी असेल तिथे रुपयांत, यायला हवा. आपल्या कायद्याच्या नजरेत यूएसडीटी चलन नाही, आभासी डिजिटल मालमत्ता आहे. माझ्या सीएंनी हे पहिल्याच वर्षी समजावलं आणि तेव्हापासून मोठी कामं मी बँकेमार्फतच घेते. ज्या देशांतून दुसरा मार्गच नाही, तिथलीच छोटी कामं नाण्यांत. मिळालेल्या नाण्यांची त्या दिवशीची रुपयांतली किंमत बिलावर लिहून ठेवते, व्यवहाराचा क्रमांकही.

नाण्यांचे रुपये करताना सर्वांत जास्त सांभाळावं लागतं. मिरजेच्या एका व्हिडिओ संकलक मुलाने चार पैसे जास्त मिळतात म्हणून अनोळखी माणसाला थेट यूएसडीटी विकले. पैसे खात्यात आले. काही आठवड्यांनी खातं गोठलं. ज्याने विकत घेतले त्याने ते पैसे दुसऱ्या राज्यातल्या कुणाला फसवून मिळवले होते आणि तिथल्या सायबर पोलिसांनी पैशाचा माग काढत या मुलाच्या खात्यापर्यंत मजल मारली होती. आईच्या औषधांचे पैसे त्याच खात्यात. पत्रव्यवहार करण्यात, बिलं आणि संभाषणं सादर करण्यात त्याचे कित्येक महिने गेले. चोरीत त्याचा काडीचाही हात नव्हता. नोंदणीकृत एक्स्चेंजवरही सगळं सुखरूप असतं असं नाही. 18 जुलै 2024 रोजी वझीरएक्सच्या वॉलेटमधून सुमारे 23 कोटी डॉलरची चोरी झाली आणि लाखो लोकांचे पैसे अडकून पडले. तरी नोंदणीकृत ठिकाणी विकलं तर समोरच्याची ओळख नोंदलेली असते आणि टीडीएसचा कागद हातात येतो. तिथे ठेव म्हणून काही ठेवू नये, विकून लगेच बँकेत आणावं.

लागोसच्या बाईंसोबत आता एस्क्रो लागत नाही. सुरुवातीला एका स्क्रीनचं काम, मध्ये ठेवलेले पैसे, वेळेवर दिलेली फाइल. मग पाच स्क्रीनचं, मग अख्खं अ‍ॅप. फाइलची मालकी शेवटचा हप्ता आल्यावरच त्यांच्या नावे करायची, हे आम्ही अजूनही पाळतो आणि त्यांना त्यात काही गैर वाटत नाही. त्यांच्याकडे नायरा घसरला तेव्हा त्यांनी हप्ता पुढे ढकलायची परवानगी आधी फोन करून मागितली. मी दिली. कुठल्याही बाजाराच्या ताऱ्यांत ही गोष्ट नोंदलेली नाही.

नव्या मुलामुलींना माझी विनंती एवढीच आहे: पैसे मध्ये जमा झाल्याची नोंद स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय काम सुरू करू नका. काय करणार, किती स्क्रीन, किती फेरबदल, हे बाजाराच्या संदेशांतच लिहून घ्या, कारण वाद झाला तर मध्यस्थ टेलिग्रामवरचं बोलणं वाचणार नाही. वाद कोण सोडवतो, निकालाची कारणं देतो का, हे खातं उघडण्याआधी शोधा. सापडलं नाही तर दुसरा बाजार बघा. आणि काम देण्याआधी कुणी तुमच्याकडेच यूएसडीटीमध्ये अनामत मागितली, तर तो कितीही मोठ्या कंपनीचं नाव सांगत असला तरी ते काम नाही, फसवणूक आहे. पैसे गेलेच असतील तर लाजू नका, घरच्यांपासून लपवू नका, त्याच तासाला सायबर फसवणुकीच्या 1930 या मदतक्रमांकावर फोन करा.